आईवडिलांचे कान कोठे तपासावेत : अनुभवसिद्ध मार्गदर्शन

पुण्यात श्रवणयंत्राचे केंद्र निवडणे किती सोपे आहे, हे गेल्या गुरुवारी माझ्या 78 वर्षांच्या वडिलांना अशा एका केंद्रात नेल्यावर मला उमगले. तोच लाभ आपल्यालाही व्हावा, म्हणून चार सूचना लिहून ठेवतो.

ज्या केंद्राच्या फलकावर ‘मोफत तपासणी’ ही अक्षरे सर्वांत मोठी आहेत, तेच निवडावे. तपासणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे शिकलेली श्रवणतज्ज्ञ, आहे का, भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, असले प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नये. पांढरा कोट पुरेसा असतो.

ध्वनिरोधक खोलीचाही आग्रह धरू नये. या तपासणीत 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर हेडफोनमधून हळूहळू कमी करत ऐकवतात आणि जेमतेम ऐकू आला तरी रुग्णाने बटण दाबायचे असते. आमच्याकडे ही परीक्षा प्लायवुडच्या पार्टिशनआड झाली. खाली सिग्नलला पीएमपीची बस हॉर्न वाजवत उभी होती, त्यामुळे बाबांनी दाबलेल्या बटणांपैकी काहींचे श्रेय त्या चालकालाही द्यावे लागेल.

कानात मळ आहे का, हे आधी पाहायला सांगू नये, कारण मळ काढल्यावर नीट ऐकू आले तर यंत्र कोण घेणार?

दोष मध्यकर्णात आहे की आतल्या कानात किंवा श्रवणाच्या नसेत, हे कळण्यासाठी कानामागच्या हाडावर कंपक लावून वेगळी तपासणी करतात. तिचे नावही काढू नये.

रुग्णाशी कोणी बोलावे, अशी अपेक्षा ठेवू नये. “काकांना टीव्ही ऐकू येतो का?” हे काका समोर बसलेले असताना मला विचारले गेले. त्यानंतर शब्द ओळखण्याची परीक्षा झाली, तीही समोरासमोर बसून, म्हणजे बाबांनी अर्धे शब्द तपासणाऱ्या मुलीच्या ओठांवरून वाचले आणि त्यांचे गुण वाढले.

आता अहवालाविषयी. तो मागू नये. मी मागितला. “रिपोर्ट मशीन घेतल्यावर मिळेल, सर, आमची पॉलिसी आहे.” तपासणीचे पैसे देतो, असे मी म्हणालो. “तपासणी मोफत आहे, सर, पैसे कसे घेणार?” जे विकतही मिळत नाही आणि फुकटही मिळत नाही, असे काही पुण्यातील दुकानात असू शकते, यावर माझा विश्वास होताच, तो दृढ झाला. अहवाल म्हणजे काय, तर एका पानावरचा आलेख, उजव्या कानाची तांबडी वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. पडद्यावर तो मला क्षणभर दिसला आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच सुरांत, दोन्ही रेघा कोसळलेल्या दिसल्या. ती खळी त्या केंद्राने पाडलेली नाही. पिंपरीच्या कारखान्यात पॉवर प्रेसशेजारी 31 वर्षे, कानात कापसाचे बोळे घालून, माझ्या वडिलांनी ती कमावली आहे. त्या खळीमुळेच त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि ‘सात’ म्हटले की ते हात पुढे करतात. त्या कागदावरून शहरातील कोणताही जाणकार यंत्राची जुळणी सुरू करू शकतो आणि किंमतही सांगू शकतो. नेमके तेच होऊ नये, म्हणून कागद दिला जात नाही. वर 85 हजारांची जोडी “आजच्या आज घेतली तर” 60 हजारांना! उद्या बाबांचे कान बदलणार होते की काय?

यंत्राच्या दुरुस्तीची व बॅटरीच्या सेलची चौकशी करू नये.

आणि आता उपरोध पुरे. बहिरेपणाने आधीच संकोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला “आणखी उशीर केलात तर मेंदू विसरेल” असे घाबरवून हप्त्यांच्या कागदावर सही मागायची, याला तपासणी म्हणत नाहीत. लाज वाटली पाहिजे. आपणही कमी नाही. टीव्हीच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बापाला तासाभरात उरकायला नेतो. नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे जातात, जुळणीसाठी पुन्हा पुन्हा जावे लागते, हे ऐकले की आपल्या कपाळावर आठ्या पडतात. मग डबी कपाटात पडते आणि “आमचे बाबा यंत्र घालतच नाहीत” असे आपणच सांगत सुटतो. घालतील कसे? त्यांना विचारले होते कोणी?

सोमवारी मी बाबांना घेऊन ससून या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाच्या रांगेत उभा राहणार आहे. त्या केंद्राला मात्र एवढेच सांगायचे आहे की, तो कागद माझ्या वडिलांच्या कानांचा आहे. तो मुकाट्याने द्या.