नॉट फार

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही यावर रान पेटले आणि जूनअखेर सरकारने त्यासंबंधीचे शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा मी तो सगळा वाद स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये बसून वाचत होतो. मुलांनी काय बोलावे आणि काय लिहावे, हे त्यात भरपूर आले. ऐकण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाला ही उणीव टोचते, कारण आमच्या मालवणीवर शाळेत 'अशुद्ध' असा शिक्का बसतो तो बोलणाऱ्याच्या जिभेवर. ऐकणाऱ्याचा कान कच्चा असेल, अशी शंका कोणालाच येत नाही.

ॲबर्डीनच्या परिसरात स्कॉट्स भाषेची डोरिक ही बोली चालते, आणि तिच्यात 'व्हॉट'चे 'फिट' व 'व्हेअर'चे 'फार' होते. पहिल्याच हिवाळ्यात बसथांब्यावर एका आजोबांनी मला "फार ये गान?" असे विचारले. ते विचारत होते, कुठे निघालास, मी उत्तर दिले, "नॉट फार." शब्द कानावर स्वच्छ पडला होता, फक्त भलत्याच खणात जाऊन बसला. (लंडनहून आलेला माझा सहकारीही इथे असाच अडखळतो, याचे मला आजही समाधान वाटते.)

याउलट, श्रावणात आईचा फोन येतो तेव्हा कौलांवरच्या पावसात तिचे निम्मे बोलणे बुडते, तरी "झिला, जेवलंस मां?" यातले एकही अक्षर गळाल्याचे मला जाणवत नाही, शेजारी बसलेल्या माझ्या पुणेकर बायकोला मात्र पाऊस नसतानाही त्या बोलण्याचा पत्ता लागत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला भरला, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो शब्द अखंडच ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे आला हेही सांगता येईना. गाळलेले असे भरून काढायला पूर्वी ऐकलेल्याची शिल्लक लागते, आणि मालवणी कधी कानावरच पडली नसेल तर ती येणार कुठून?

इथेही एके काळी डोरिक बोलणाऱ्या मुलांना वर्गात मार बसत असे. स्कॉट्सला अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला तो २०२५ मध्येच. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घाटावरून सिंधुदुर्गात बदलून आलेल्या शिक्षकाने मुलांचे उच्चार सुधारायला घेण्यापूर्वी महिनाभर मासळीबाजारात नुसते उभे राहावे आणि दर मालवणीतच विचारावा.