साधी तलवार का चालत नाही तुला?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळात साधी तलवार घेणाऱ्या खेळाडूबद्दल मला मनापासून आदर आहे. लाँगस्वोर्ड एका हाताने धरली तर डी-आठ, म्हणजे डॅमेजला आठ बाजूंचा फासा, दोन्ही हातांनी धरली तर डी-दहा, विषय संपला. त्याची टर्न आली की तो वीसचा फासा टाकतो, लागलं का विचारतो, डॅमेज सांगतो आणि गप्प बसतो. डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमच्या, खुर्चीतल्या माणसाला आयुष्यात यापेक्षा जास्त काही नको असतं. पण प्रत्येक टेबलावर एक तरी असा निघतोच, ज्याला तलवार 'बोअर' वाटते. त्याला जाळं हवं असतं. नाहीतर दोन्ही टोकांना पाती असलेला दांडा. नाहीतर काटेरी साखळी, तीही शक्यतो पेटती. "याचे नियम असतील ना रे?" असं तो निरागसपणे विचारतो. दुर्दैवाने असतात.

आधी जाळंच घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या नियमांत जाळं हे लांबून फेकायचं शस्त्र आहे. नेहमीचा पल्ला ५ फूट, जास्तीत जास्त १५. आता गंमत बघा. शत्रू ५ फुटांवर उभा असताना लांब पल्ल्याचं शस्त्र वापरलं तर डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा घ्यायचा. आणि नेहमीच्या पल्ल्याबाहेर फेकलं तरीही डिसअ‍ॅडव्हान्टेज. जवळून फेका नाहीतर लांबून, जाळं वाकडंच पडणार. शत्रूला तुम्ही दिसत नसाल तर जवळूनही सरळ फेकता येतं, पण एरवी जवळून सुटका करायची तर 'क्रॉसबो एक्स्पर्ट'सारखं फीट (खेळाडूने निवडायचं खास कौशल्य) घ्यावं लागतं. कारण जवळच्या शत्रूमुळे येणारा डिसअ‍ॅडव्हान्टेज ते काढतं. म्हणजे जाळं नीट टाकता यायला धनुष्याचा घोडा दाबायचा सराव हवा. हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात मासा पकडला नसावा.

तरीही जाळ्याचा हिशेब करून बघावा, कारण तो वाटतो तितका वाईट नाही. समोर ओगर, म्हणजे दांडगा राक्षस, आहे, त्याचा आर्मर क्लास (वीसच्या फाशात बोनस मिळवून गाठायचा आकडा) ११. तुमचा बोनस अधिक ५. एरवी ७५ टक्के लागलं असतं. दोन फाशांतला कमी घेतल्यावर ५६ टक्के उरतात. लागलं की ओगर 'रिस्ट्रेन्ड': त्याची चाल शून्य, त्याच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, त्याच्यावरच्या हल्ल्यांना दोन फाशांतला जास्त आकडा घेण्याचा अ‍ॅडव्हान्टेज. सुटायला एक अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च करून ताकदीचा १० चा चेक, म्हणजे वीसचा फासा अधिक ताकद मिळून किमान १०. ओगरच्या अंगात अधिक ४ ताकद असल्याने तो चारांतून तीनदा सुटतो. हे ऐकून खेळाडूचं तोंड उतरतं. पण सुटण्यात ओगरची अख्खी अ‍ॅक्शन गेली हे तो विसरतो, आणि तेवढा वेळ कोणाच्या डोक्यात सोटा बसलेला नसतो. जाळं कापायला त्यावर ५ स्लॅशिंग डॅमेज लागतं. ओगरकडे सोटा आणि फेकायचा भाला, दोन्ही कापण्याच्या कामाचे नाहीत. त्याच्या शेजारी वाकडी तलवार घेतलेला गॉब्लिन उभा असेल तर मात्र तुमचं जाळं गेलं म्हणून समजा. म्हणून आधी गॉब्लिन, मग ओगर. आणि जाळं टाकायची वेळ ओगरची टर्न संपल्या संपल्या. म्हणजे त्याची पुढची टर्न येईपर्यंत बाकीच्या सगळ्यांना अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. ओगरच्या टर्नच्या अगदी तोंडावर टाकलंत तर फायदा फक्त त्याच्या अ‍ॅक्शनपुरता.

२०२४च्या नियमांनी हे सरळ केलं. जाळं शस्त्रांच्या तक्त्यातून उठून सामानाच्या यादीत गेलं; १५ फुटांच्या आत टाकायचं, हल्ल्याचा फासा नाही, समोरच्यानेच चपळाईचा सेव्ह, म्हणजे वाचण्यासाठीचा फासा, टाकायचा. 'ह्यूज' किंवा त्याहून मोठा प्राणी त्यात अडकत नाही, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनवर जाळं टाकायचा विचार सोडा. तरी प्रत्येक ड्रॅगनच्या वेळी कोणीतरी विचारतंच.

जाळ्याबरोबर त्रिशूळ आलाच. रोमन आखाड्यातला रेटियारियस याच दोन वस्तू घेऊन उतरायचा आणि त्याच्याशी लढणाऱ्या सेक्यूटरचं शिरस्त्राण मुद्दाम गुळगुळीत, डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवलेलं असायचं, म्हणजे जाळं आणि टोकं अडकायला जागा नको. इतका विचार रोमन लोकांनी केला. २०१४च्या तक्त्यात मात्र साधा भाला १ सोन्याचं नाणं, ३ पौंड, डी-सहा, दोन हातांनी डी-आठ, २०/६० फूट फेक; आणि त्रिशूळ ५ नाणी, ४ पौंड, बाकी सगळं तेच. वर त्रिशूळाला 'मार्शल', म्हणजे लढवय्याचं, प्रशिक्षण हवं, भाल्याला साधं पुरतं. पाण्याखाली तरी काही फायदा असेल म्हणावं, तर तिथे डिसअ‍ॅडव्हान्टेज न लागणाऱ्या शस्त्रांत भालाही बसलेला. दोन टोकांचे जादा पैसे निव्वळ हौसेचे. नव्या आवृत्तीत त्रिशूळाला मोठा फासा आणि पाडण्याची सोय मिळाली, उशिरा का होईना.

खरा छळ बघायचा तर तिसऱ्या आवृत्तीतली काटेरी साखळी बघावी. ती 'एक्झॉटिक' शस्त्रांत मोडायची. फीट न घेता हातात धरली तर हल्ल्याला वजा ४. एवढी पट्टी भरली की पुढे चंगळ. डॅमेज २डी-चार, म्हणजे चारचे दोन फासे, रीच, म्हणजे शस्त्र पोचण्याचं अंतर, १० फूट, आणि बाकी बहुतेक लांब शस्त्रांना न जमणारी गोष्ट म्हणजे खेटून उभ्या माणसालाही ती लागायची. वर पाय ओढून पाडता यायचं, हातातलं हिसकायला अधिक २. यात 'इम्प्रूव्हड ट्रिप' घातलं की पाडल्या पाडल्या फुकट फटका. 'कॉम्बॅट रिफ्लेक्सेस' घातलं की जवळून सरकणाऱ्या प्रत्येकाला आणखी फटके. पडलेला माणूस उठायला लागला की त्यावरही फटका. इथेच दर वेळी भांडण जुंपतं: उठणाऱ्याला त्याच फटक्यात पुन्हा पाडता येतं का? नाही येत. तो फटका उठणं पूर्ण व्हायच्या आधी बसतो, तेव्हा माणूस अजून आडवाच असतो, आणि आडव्याला काय आडवं करणार? हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून डीएमच्या पडद्याला आतून चिकटवावं. साखळीवाला तरीही वाद घालणार, पण तेवढ्यात पुढच्या खेळाडूची टर्न उरकून घेता येते.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलंय, की विचित्र शस्त्राची किंमत खेळाडूला प्रत्येक राउंडला जाणवली पाहिजे. एकदा फीट खर्चलं आणि नंतर आयुष्यभर फायदे, हा व्यवहार आवळा देऊन कोहळा काढण्याचा. त्यामुळे कोणी घरून नवं शस्त्र आणलं की मी त्याचं चित्र बघत नाही. चित्र नेहमी छानच असतं. मी विचारतो, तक्त्यातलं याच्या सगळ्यात जवळचं शस्त्र कोणतं? त्याचाच फासा घ्यायचा. एक फायदा हवा असेल तर फासा एक पायरी खाली: डी-दहाचा डी-आठ, डी-आठचा डी-सहा. प्रत्येक पायरीला सरासरी डॅमेज बरोबर १ ने घसरतं, त्यामुळे घासाघीस सोपी जाते. जास्त रीचची किंमत साधारण तेवढीच किंवा थोडी चढी पडते. ग्लेव्हला, म्हणजे लांब दांड्यावरच्या पात्याला, रीच आहे म्हणून डी-दहावर, म्हणजे सरासरी साडेपाचवर समाधान मानावं लागतं, बिनरीचची ग्रेटस्वोर्ड २डी-सहाने ७ काढते. दोन्ही टोकांना पातं असेल तर दुसरं टोक टर्नमधल्या जादा छोट्या, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने आणि डी-चारने. "पण दोन्हीकडे सारखीच धार आहे!" असू दे. हात दोनच आहेत.

शत्रूला पाडणं, ओढणं, गुंडाळणं असलं काही असेल तर ते टर्नमध्ये एकदाच. याला कारण आहे. अकराव्या पातळीचा फायटर एका अ‍ॅक्शनमध्ये तीन हल्ले करतो, 'अ‍ॅक्शन सर्ज' वापरला की सहा. प्रत्येक हल्ल्याला समोरच्याने सेव्ह टाकायचा तर बाकीचे खेळाडू मोबाइल काढतात आणि मग त्यांना परत आणणं कोणत्याही जादूला जमत नाही.

आणखी एक हौस म्हणजे हल्ल्याच्या फाशावर १ पडला की साखळदंडाचा गोळा स्वतःच्याच डोक्यात. ऐकायला झकास. पण पहिल्या पातळीच्या नवशिक्याला हा अपघात राउंडला ५ टक्के, आणि तीन हल्ले करणाऱ्या मुरलेल्या फायटरला १४ टक्के. जितका तरबेज, तितका टेंगळांचा धनी. हवाच असेल तर टर्नमधल्या पहिल्या हल्ल्यापुरता ठेवा.

फुंकनळीची तर कीवच येते. तिचं डॅमेज १. फासाच नाही. क्रिटिकलला, म्हणजे हल्ल्याच्या फाशावर २० पडल्यावर, फासे दुप्पट होतात, आणि शून्य फाशांची दुप्पट शून्य. विष लावल्याशिवाय ती विकत घेऊ नये.

चिलखताचं दुखणं वेगळं. शस्त्र नको झालं तर टाकून देता येतं. प्लेट चिलखत चढवायला १० मिनिटं आणि उतरवायला ५. राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे उतरवायला ५० राउंड. समोरच्या ड्रुइडने 'हीट मेटल', म्हणजे धातू तापवणारा मंत्र, टाकला की ही माहिती अचानक फार महत्त्वाची होते. दर टर्नला २डी-आठ, चिलखत अंगावर असेल तर त्यापासून वाचायला सेव्ह नाही, आणि मंत्र एक मिनिट, म्हणजे १० राउंड टिकतो. सरासरी ९० डॅमेज. प्लेटवाला घाबरून बक्कल सोडायला लागतो; ते चूक, कारण पहिला खांदा मोकळा होईतो मंत्र आणि माणूस दोन्ही संपलेले असतात. पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात उडी मारली तर आगीचं डॅमेज निम्मं, पण अंगावर ६५ पौंड लोखंड घेऊन पोहायचं म्हटल्यावर डीएम ताकदीचा चेक मागणार आणि तापलेल्या चिलखतामुळे त्यालाही डिसअ‍ॅडव्हान्टेज. आगीतून विहिरीत. खरा उपाय एकच: सगळ्यांनी मिळून ड्रुइडला मारत सुटायचं. मंत्र टिकवायला त्याला प्रत्येक फटक्याला एकाग्रतेचा सेव्ह टाकावा लागतो, त्यामुळे एका मोठ्या बाणापेक्षा चार बारीक बाण बरे.

जाता जाता, ६५ पौंड म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस किलो. खरी प्लेट चिलखतं साधारण १५ ते २५ किलोंची असत. तक्ता करणाऱ्याने बहुतेक आतल्या माणसाचा एक पायही तोलला.

रस्ट मॉन्स्टर हा प्राणी तर प्लेटवाल्यांसाठीच काढलेला दिसतो. त्याच्या मिशा लागल्या की बिनजादूच्या लोखंडी चिलखताचा आर्मर क्लास १ ने उतरतो आणि १० वर आला की चिलखत संपलं. १८ च्या प्लेटला आठ स्पर्श पुरतात. १५०० नाण्यांचा भुगा. उलट त्याला मारलेलं लोखंडी शस्त्रही प्रत्येक फटक्याला गंजतं, वजा ५ झालं की मोडतं. लाकडी सोटा आणि कातडी चिलखतवाला त्या दिवशी सगळ्यांत पुढे असतो आणि त्याचा तोरा बघवत नाही. हा प्राणी दुरून दिसला तरी चिलखत उतरवायला बसू नये. ४० फुटांच्या चालीने तेवढ्या पाच मिनिटांत तो २००० फूट येतो, आणि तोवर तुम्ही एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत सापडता. सामानाच्या यादीत एका नाण्याला दहा लोखंडी खुंट्या मिळतात. त्या त्याच्यापुढे टाकाव्यात आणि तो खाण्यात गुंतला की दुसऱ्या दाराने निघावं.