ब्रेकच्या आधी किंकाळी, ब्रेकनंतर मांजर

रविवारची रात्र वाया घालवली राव या चॅनलवाल्यांनी. टीव्हीला नवी टेलिफिल्म हाय म्हणून जेवणं लवकर उरकली, शेजारच्या काकू पण येऊन बसल्या. बायको गायब, मोबाईल बंद, गाडी घाटात बेवारस, नवरा रडतोय, सुरुवात लई भारी होती खरं. मग सुरू झाला ब्रेकचा खेळ. बहीण कपाट उघडती, ढँण्ण म्युझिक, किंकाळी, ब्रेक! साबण, सोनं, परत साबण. आणि ब्रेक संपल्यावर कपाटातनं काय निघालं? मांजर! पुढच्या ब्रेकला बेल वाजली, सगळे गार, बघतोय तर दूधवाला.

ब्रेक असतोय, कळतंय की. पण १९७६ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर 'वन ऑफ माय वाइव्हज इज मिसिंग' हा सिनेमा आलेला, टीव्हीसाठीच केलेला, त्यात हरवलेली बायको परत येती आणि नवरा बोंबलतोय ही माझी बायकोच न्हवं! असला धक्का द्या, मग दाखवा किती साबण दाखवायचा त्यो. मूळ ते रॉबेर तोमाचं फ्रेंच नाटक. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळायच्या आधी तिथं रहस्यनाटकं बघितल्यात आम्ही, मध्यंतराला चहा प्यायला गेलेलं पब्लिक खुनी कोण यावर भांडत परत आत यायचं, मांजर लागत न्हवतं त्याला.

आणि तो इन्स्पेक्टर! "२४ तास थांबा, मग तक्रार घेतो." अरे असला नियमच नाही बाबा, माणूस हरवल्याची तक्रार लगेच देता येते, पण प्रत्येक थ्रिलरमध्ये हाच डायलॉग, आणि काकू लगेच "व्हय व्हय, थांबावंच लागतंय". उद्या कुणाचं खरंच माणूस गेलं तर घरात बसून घड्याळ बघत बसतील की ओ! वर महिन्याभरात नवऱ्याला विम्याचे पैसे पण मिळाले. बॉडी नाही, काही नाही. सात वर्षं पत्ता लागला नाही तर कायदा माणूस मेला असं धरतोय, हितं महिन्यात चेक!

सगळं सोसलं, म्हटलं शेवट तरी बघू. बायकोची चिठ्ठी सापडली, खुन्याचं नाव त्यात, कॅमेरा जवळ गेला आणि नेमकी खालनं नव्या मालिकेची पट्टी वर आली, नाचत! नाव झाकलं, चिठ्ठी गेली, पाट्या सुरू. आई विचारतीया, "मग मारलं कुणी रे तिला?" मला काय माहीत, त्या नव्या सूनबाईचा पदर आडवा आलाय तिथं!