जंगलात जातातच कशाला?

वाघानं कुणाला मारलं की पुण्याच्या चुलतभावाचा फोन येतो, "तुमच्याकडची माणसं जंगलात जातातच कशाला?" मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला. या प्रश्नाचा आता वीट आलाय.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात बंगालचं सुंदरबन पाहिलं. ताडोबाकडच्या माणसाला ते आधी जंगलच वाटत नाही. ओहोटी लागली, पाणी उतरलं आणि काठच्या चिखलातून हजारो खुंट वर आले. तूर कापल्यावर वावरात फण, म्हणजे धसकटं, उभे राहतात ना, अगदी तसे. ती झाडांची मुळं. चिखलात हवा नाही, म्हणून श्वासाला वर येतात. नावाड्यानं बोट दाखवलं, तर वाघाचा माग सरळ पाण्यात उतरलेला. तिथला वाघ खाड्या पोहून जातो.

आणि याच जंगलात लोक मध काढायला, मासे-खेकडे धरायला जातात. मधाचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे आमच्याकडे मोहफुलं वेचून सरतात आणि विडीच्या पानांचा, तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो तेव्हा. आत शिरण्याआधी हिंदू-मुसलमान दोघंही बोनबीबीला, जंगलाच्या राखणदार देवीला, हात जोडतात. आमच्याकडे वाघोबापुढं नारळ फुटतो. 1980 च्या दशकात तिथं एक युक्ती निघाली. वाघ मागून झडप घालतो, म्हणून डोक्यामागं माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा. काही काळ लागू पडली, मग वाघ हुशार झाले म्हणतात.

हे घरी सांगितलं तर आई हसली. "वाकून मोह येचाले लागलं का तो मुखवटा वरतं पायते ना बापू!"

खरंय. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नसावा.

वनखातं म्हणतं, टोळीनं जा, उजाडल्यावर जा. टोळीनं जाणं पटतं. पण मोहफूल गळतं रात्रीतून पहाटेपर्यंत. उशिरा गेलं तर अस्वलानं, चितळांनी आधीच ताव मारलेला, उरलेलं उन्हानं मलूल. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात, ही मात्र आमचीच चूक. पाला झाडून घेतला तरी भागतं.

2006 च्या वनहक्क कायद्यानं मोह, तेंदू, बांबू, मध गोळा करायचा हक्क दिलाय. पण हक्क कागदावर आणि वाघ झुडपात. शिवाय आमचा ब्रह्मपुरी वनविभाग काही व्याघ्रप्रकल्प नाही, तरी वाघ आहेतच. कुठली रेघ ओलांडायची नाही म्हणता?

परवा पुन्हा चुलतभावाचा फोन. मला वाटलं, तोच प्रश्न. तर म्हणाला, "मेमध्ये येतोय, पहाटेच्या सफारीचं बुकिंग मिळेल का रे?"