आरामाचा दिवस, नौपाडा

एकट्याने सायकलवर लांब जाणाऱ्या माणसाला चढ, ऊन, ट्रक आणि ढाब्यावरची कुत्री यांचं पुढे पुढे काही वाटेनासं होतं. धडकी भरते ती आरामाच्या दिवसाची. त्यातून तो दिवस नातेवाइकांकडे काढायचा असेल तर विचारूच नका.

धुळ्याहून गोवा असा माझा बेत. राहुड घाट चढलो, नाशिक मागे टाकलं, कसारा उतरलो आणि भिवंडी बायपासने माझी सगळी हाडं एकेक करून मोजून घेतली. ठाण्यात नौपाड्याला आत्या राहते. तिच्याकडे एक अख्खा दिवस काहीही करायचं नाही, हे निघण्याआधीच ठरलेलं. स्नायू बळकट होतात ते सायकल मारताना नव्हे, नंतर पडून राहिल्यावर. तेव्हा चेन साफ करायची आणि बाकी वेळ पाय भिंतीला लावून लोळायचं.

सकाळी सहाला काकांनी पांघरूण ओढलं. "सायकलवाला माणूस आणि लोळतोस काय? चल, तलावपाळीला!"

मासुंदा तलावाला काकांच्या रोज फेऱ्या असतात. वाटेत भेटेल त्या मित्रापुढे मला उभं करून "धुळ्याहून आलाय, सायकलने" असं सांगण्यात आलं आणि प्रत्येकाने एकच विचारलं, "का?" याचं उत्तर घाटात कधी लागत नाही, त्यामुळे तयार नव्हतं. एका आजोबांनी तर झापलंच. "१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आणली, ती कशासाठी?" तेव्हा पेडलची सायकल निघालीसुद्धा नव्हती, हे ओठांवर आलं होतं. पण समोर कोपिनेश्वर, सकाळची वेळ. गप्प बसलो.

मग मामलेदार मिसळ. "तिखट झेपेल ना रे?" हे काकांनी शेवभाजीवर वाढलेल्या खानदेशी माणसाला विचारलं. तिखटच मागवली. चव फक्कड. हिशोब मात्र दुसऱ्या दिवशी सीटवर बसल्यावर होणार, हे दुसऱ्या पावाला कळलं.

घरी आलो तर वेगळंच प्रकरण. सायकलची चड्डी बाहेरून काळी आणि तंग असते, आत बुडाखाली बोटभर जाड स्पंज शिवलेला असतो. स्पंज लवकर वाळावा म्हणून ती मी गॅलरीत उलटी करून टाकली होती. समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी आत्याला हळू आवाजात विचारलं, "भाच्याचं काही ऑपरेशन झालंय का हो?" आत्याने ती दोन बोटांत धरून आत आणली आणि फ्रिजच्या मागे वाळत घातली. "काही दुखत असेल तर सांगत जा रे बाबा, लाजू नको."

दुपारी जेवणं आटोपल्यावर जुना टूथब्रश, फडकं आणि तेलाची बाटली घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. चेन साफ करण्यात एक सुख असतं. ब्रश घासत जावं, कड्यांत बसलेली काळी माती निघत जावी, मग प्रत्येक पिनेवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पेडल उलटं फिरवावं आणि जादाचं तेल फडक्याने पुसून काढावं. निम्म्यावर आलो असेन, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अंकल, माझ्यात पण हवा भरा ना."

एकाचं केलं. पाचच मिनिटांत सोसायटीतल्या यच्चयावत सायकली खाली आल्या. परीक्षेच्या आधी गेलेली हवा, दिवाळीपासून बसलेले ब्रेक, स्टँड नाही, घंटी नाही. सी विंगच्या एका गृहस्थांनी पोटमाळ्यावरून स्वतःच्या लग्नाआधीची सायकल उतरवली. तिची वॉलट्यूब, म्हणजे हवा अडवणारी बारीक रबरी नळी, हातात घेताच तिचा भुगा झाला. "बसवून टाका, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम." माझा पंप वीतभर लांबीचा, प्रवासात वजन नको म्हणून मुद्दाम घेतलेला. त्याने सगळ्यांची चाकं फुगवली. धुळ्यापासून शरीरात फक्त दंडच दुखत नव्हते, तीही कसर भरून निघाली.

आमचे वॉचमन लांबून बघत होते. ते रोज कळव्याहून सायकलने येतात, बारा तासांची ड्यूटी करून सायकलनेच परत जातात. "आज तुमचा आराम आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी घाईघाईने चेनकडे वळलो.

संध्याकाळी पुढच्या रस्त्यावर परिसंवाद भरला. मी पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड असा किनारा सांगितला. "आणि मध्ये खाड्या आहेत, त्या काय उडी मारून ओलांडणार?" आगरदांड्याहून दिघीला, दाभोळहून धोपाव्याला फेरी बोट गाड्यांसकट माणसं नेते, म्हटलं. यावर तीन जणांनी तीन निराळे रस्ते सुचवले. तिन्ही हायवेने जाणारे होते आणि तिन्ही सांगणारे कोकणात ट्रेननेच जाणारे होते.

रात्री बॅग भरायला बसलो. वजन वाचावं म्हणून मी टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापलाय. आत्याने आणून समोर ठेवलं ते असं: बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, चिवडा, कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी आणि गोव्यात मिळत नाहीत म्हणून दोन नारळ.

"आत्या, अगं, गोव्यात नारळ..."

"घरचे नाहीत ना ते."

"पण हे एवढं ओझं?"

"ओझं सायकल वाहणार ना? तुला काय त्याचं!"