ईजबेलीला नावं ठेवता, मग अहाबाचं काय?

सर्वांना सलाम.

आज उपासनेनंतर मंडळीची सभा होती. एका भगिनीने उभं राहून दुरुस्ती फंडाचा हिशोब मागितला. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त पावत्या दाखवा म्हणाली. माझ्या मागच्या बाकावरून एक वडीलधारे गृहस्थ पुटपुटले, "आली ईजबेल." दोन-तीन बाकं हसली. मी मान खाली घालून बसून राहिलो. घरी आल्यापासून घास उतरत नाहीये, म्हणून लिहितोय.

बाईला गप्प करायचं असलं की काढली बायबलातली ती दुष्ट राणी, ईजबेल! अरे, १ राजे या पुस्तकाचा २१वा अध्याय एकदा नीट वाचा तरी.

इज्रेलात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा ईजबेलीच्या नवऱ्याच्या, अहाब राजाच्या, राजवाड्याला लागून होता. अहाबाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. भाजीचा! नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. यात उद्धटपणा कसला? जमीन परमेश्वराची आहे, ती कायमची विकायची नाही, असं नियमशास्त्रच सांगतं. राजा घरी येऊन पलंगावर पडला, तोंड फिरवलं, जेवेना. त्याने केलं ते एवढंच. पत्रं ईजबेलीने लिहिली, पण नाव अहाबाचं, शिक्का अहाबाचा. गावच्या वडिलांनी निमूटपणे उपास जाहीर केला, दोन खोटे साक्षीदार बसवले आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. नाबोथ मेला हे कळताच राजा उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. चांगला धडधाकट माणूस मेला कसा, हे त्याने विचारलंच नाही.

मीही विचारलं नव्हतं.

बाबा गेल्यावर गावच्या घराशेजारची मोकळी जागा राहिली होती, चिंचेच्या झाडासकट. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा आणि मुलगी सारखेच. म्हणजे ताईचा हिस्सा माझ्याएवढाच. मला सगळीच जागा हवी होती. ताईकडे मी तोंडाने कधी मागितली नाही. दोन दिवस तोंड पाडून बसलो, ताट सारलं. आई म्हणाली, "जेव रे तू, मी बघते." ती ताईकडे जाऊन आली आणि आठवड्याभरात ताई हक्कसोडपत्रावर सही करायला हजर. निबंधक कार्यालयात मशीन तिचा अंगठा घेईना. भांडी घासून घासून रेषा झिजलेल्या. तिने अंगठा पदराला पुसला, परत टेकवला. तीनदा. चौथ्यांदा घेतला. मी शेजारी तिची पिशवी धरून उभा होतो.

आई तिला काय बोलली होती, ते मी कधीच विचारलं नाही.

ईजबेल निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिने परमेश्वराचे संदेष्टे मारले, अहाबाला चिथावलं, हे शास्त्रातच आहे, मान्य. पण ज्या वचनात चिथावल्याचं आहे, त्याच वचनात अहाबाने वाईट करायला स्वतःला विकलं होतं हेही आहे. आणि एलीया संदेष्टा मळ्यात कुणाला गाठायला गेला? अहाबाला! खून करून वतनही घेतलंस का, हा प्रश्न त्याला. त्याने तर एक दगडही उचलला नव्हता.

आपण मात्र हे राजे दुसऱ्याला हाणायला वापरतो. तरुण पोरं बोलली की शलमोनाचा मुलगा रहबाम राजा काढायचा, त्याने म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही म्हणून इस्राएलाचे दहा वंश त्याच्या हातून गेले. बरोबर आहे, गेले. पण म्हाताऱ्यांनी सल्ला काय दिला होता? लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल. ते कोण सांगणार? आणि बाई सभेत उभी राहिलेली ज्यांना खपत नाही, त्यांनी बायबलातल्या गणना पुस्तकाचा २७वा अध्याय उघडावा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचं वतन मागितलं. मोशेने त्यांना नावं ठेवली नाहीत, गोष्ट परमेश्वरापुढे नेली. परमेश्वर म्हणाला, त्या म्हणतात ते बरोबर आहे.

पुढच्या सभेत त्या भगिनीच्या बाजूने मी उभा राहणार. आजच राहायला हवं होतं.

अहाबाने शेवटी कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, आणि देवाने त्याच्या हयातीत अरिष्ट आणलं नाही. हा भाग मला फार आवडायचा. मीही जागेवरून देवापुढे रडलोय, खरंच रडलोय. पण अहाबाने मळा परत केल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. जकातदार जक्कयाने निदान येशूपुढे, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, असं म्हटलं होतं. माझ्याकडून तर एकपटही झालं नाही.

इथपर्यंत लिहून ताईला फोन लावला. सभेतलं सांगितलं, मग जागेचं. तुझा हिस्सा तुझ्या नावावर करून देतो म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई म्हणाली होती, तू जेवत नाहीयेस." आणि थोडं थांबून विचारलं, "यंदा चिंचा लागल्या का रे?"

चिंच मी मागच्या उन्हाळ्यात तोडली. गाडी लावायला जागा हवी होती.