केसाएवढी रेघ

लेकीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः मांडणार, असं जाहीर केलं तेव्हा घरात कोणी हरकत घेतली नाही. इंदूरच्या माणसाचा जीव पोह्यांवरच्या शेवेत अडकलेला. अक्षरांच्या नादी कोण लागतो?

मी लागलो. एक जाड-बारीक फॉन्ट हाती लागला. उभे दंड राजवाड्याच्या खांबांसारखे भरदार आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या. स्क्रीनवर 'शुभविवाह' टाइप केलं आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो. पैठणी नेसून कोणी दारात उभं राहावं, तसं अक्षर!

अक्षरांच्या या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे इटलीतल्या पार्माचे मुद्रक बोडोनी आणि पॅरिसचे मुद्रक दिदो. अठराव्या शतकात कागद गुळगुळीत झाला, छपाई सुधारली, तेव्हा कुठे ही नाजूक रेघ कागदावर टिकायला लागली. 'व्होग' या फॅशन मासिकाचं नाव आजही त्याच थाटात छापतात. आमची लेक काय व्होगपेक्षा कमी आहे? कुलस्वामिनीच्या कृपेपासून 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत अख्खी पत्रिका मी त्यातच बसवली.

छापखान्यातला पोरगा म्हणाला, "अंकल, ये बाल जैसी लाइनें सुनहरी फॉइल की छपाई में नहीं आएँगी."

मी त्याला व्होगचं उदाहरण दिलं.

"हाँ, पर उनका नाम कितना बड़ा छपता है!"

मी हसलो. तिथेच चुकलो. फॉन्ट घडवणाऱ्या जोनाथन हेफ्लर यांनी १९९१ साली 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी दिदोंच्या वळणाचा फॉन्ट नव्याने काढला, तेव्हा सात आकारांसाठी सात वेगळे साचे केले होते, हे मला नंतर कळलं. अक्षर लहान करायचं, तर त्या मानाने रेघ जाड ठेवावी लागते. मी मात्र एकच साचा ७२ पॉइंटवरून सरळ ७ वर आणला होता.

मरून कागदावर सोनेरी ३०० पत्रिका आल्या. 'शुभविवाह' लखलखत होतं. त्याखाली वेलांट्या, मात्रा, अनुस्वार सगळे सामुदायिक रजेवर. सकाळी ९ च्या मुहूर्ताचा १ झालेला. आत्याने पत्रिका लांब धरली, जवळ धरली, उन्हात नेली. "अरे, सराफ्यातून जवाहिऱ्याचं भिंग आणू का?"

खरा घात तळाशी होता. फॅशन म्हणून मी 'आहेर' हा शब्द २४ पॉइंटात घेतला होता आणि त्याखाली ७ पॉइंटात 'कृपया आणू नये'. खालची ओळ फॉइलने गिळली. उरलं नुसतं 'आहेर'. हक्काने, ठळक, सोनेरी.

बोडोनी १८१३ मध्ये गेले आणि त्यांचा अक्षरांचा मोठा ग्रंथ त्यांच्या पत्नीने १८१८ मध्ये पुरा केला. आमच्या हिने माझ्या मरणाची वाट पाहिली नाही. दोन दिवस फोनला चिकटून तिने एकेकाला मुहूर्त सांगितला. आहेराचं मात्र कोणाला सांगणार? "ते कुठल्या तोंडाने काढू?" म्हणाली.

मांडवाच्या दारावर तेच 'शुभविवाह' पुरुषभर उंचीचं लावलं होतं. देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू? त्यासमोर फोटोंसाठी रांग लागली होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत एकेक खोकं.

त्या खोक्यांतून चार भिंतघड्याळं निघाली. सगळ्यांत महागातल्या घड्याळाचे आकडे त्याच घराण्यातले आहेत. किती वाजले ते बघायला स्टूल घ्यावं लागतं.